डालडाच्या डब्यातली आवणी

तळवलीतली ती खोली मला मिळाली ती माझ्या नोकरीकडे बघून नव्हे. मी नुकतीच डी.एड. होऊन गावातल्या शाळेत रुजू झाले होते, देशावरची होते आणि एकटी होते. एवढ्यावर कुठल्याही घरमालकिणीने चार प्रश्न विचारले असते. या घरमालकिणीने एकही विचारला नाही. तिने अंगणात फतकल मारली, माझ्यासमोर चहापत्तीचा एक छोटा डबा ठेवला आणि त्याच्या शेजारी डालडाचा मोठा रिकामा डबा. छोट्या डब्यात टोमॅटोचं वीतभर रोप होतं.

"ह्यानचा काढ नि त्यान लाव," ती म्हणाली.

मी खाली बसले, रोपाच्या देठाला हात घातला आणि उपटायला लागले. तिने माझ्या मनगटावर सणसणीत चापट मारली.

"मानेला कोन धरतं गो? पानाला धर! पान तुटला तं दुसरा येल. मान तुटली तं काय येल?"

आमच्या घरात मला वडिलांनीसुद्धा कधी मारलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, पण रागही आला. मी म्हटलं, "मग नीट सांगा ना कसं काढायचं ते."

एवढं म्हटल्यावर तिने खोलीची किल्ली काढून दिली. माझ्या आधी रस्त्यापलीकडच्या कंपनीतला कुणी सुपरवायझर खोली बघायला आला होता. त्याने रोप हातात घेताघेताच "मला यातलं सगळं माहीत आहे" असं सांगितलं, आणि बिचारा चहासुद्धा न मिळता परत गेला. "सगला म्हाईत हाय तं खोली कशाला पायजे?" असं तिचं त्यावरचं म्हणणं होतं. या म्हणण्याचा अर्थ मला आजही नीटसा लागलेला नाही, पण त्या वेळी ते फार पटलं होतं.

गावात तिला सगळे काकी म्हणत, म्हणून मीही काकीच म्हणायला लागले. ती मला 'मास्तरीन' म्हणायची. वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटकुळी, आवाज मात्र थेट खाडीपर्यंत पोहोचणारा. तिचे यजमान एका कारखान्यात वॉचमन होते. त्यांना सगळे मामा म्हणत. घरी असले की ओट्यावर बसून जाळं विणत आणि कुणी काहीही विचारलं तरी "तिला इचार" म्हणत. मी एकदा किती वाजले म्हणून विचारलं तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं.

काकीचं सगळं आयुष्य भातात गेलं होतं. खाडीच्या कडेला त्यांची खारजमीन होती. नवीन शहर व्हायचं ठरलं आणि जमीन त्यात गेली. मी तिथे राहायला गेले तेव्हा त्या शेतांत आखणीचे खांब उभे होते आणि खांबांवर बगळे बसत. भाताची रोपं उपटून दुसऱ्या खाचरात लावायची, त्याला तिकडे आवणी म्हणतात. तीस वर्षं प्रत्येक पावसाळ्यात आवणी केलेल्या बाईला पहिल्या मोकळ्या पावसाळ्यात ताप भरला. डॉक्टर झाले, देव झाले, ताप उतरेना. शेवटी ती स्वतःच उठली आणि मिळेल त्या डब्यात मिळेल ते बी लावत सुटली. टोमॅटो तिला मानवला, कारण त्यालाही एका जागेवरून उचलून दुसरीकडे लावावं लागतं. फक्त पहिल्या वर्षी तिने डब्यांत भातासारखा चिखल केला आणि वर चार बोटं पाणी उभं ठेवलं. "सगली बुडून मेली," हे ती कुणी न विचारता, खो खो हसत सांगायची.

टोमॅटोचं रोप वाफ्यातून एकदा छोट्या डब्यात आणि पुढे एकदा मोठ्या डब्यात हलवलं की भागतं. हे तिलाही ठाऊक होतं. तरी ती चारदा हलवायची. आधी औषधाच्या बाटलीच्या मोठ्या बुचात, मग चहापत्तीच्या डब्यात, मग डालडाच्या आणि शेवटी रंगाच्या बादलीत. आवणी वर्षातून एकदाच यायची, ही तिला हवी तेव्हा करता येत होती, एवढाच त्यातला मतलब. तोंडाने मात्र कारण वेगळं सांगायची. "पोरं मोठी होतान तं घर नको मोठा?"

रोपं हलवायच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची. ऊन कलल्याशिवाय हात लावायची नाही. प्रत्येक डबा आधी हुंगून बघायची, कारण कारखान्यातून आलेल्या डब्यात कधी काय असेल त्याचा नेम नसे. मग छोटा डबा पालथा करून तळाशी थापट्या मारायची आणि रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद तळहातावर घ्यायची. सगळा वेळ त्याला शिव्या चालू, त्याही तिच्या बोलीत, जिथे 'वाढलास'चं 'वारलास' होतं. "लाज नाय वाटं? आठ दिसान एवरा वारलास? कोन देनार तुला रोज नवीन डबा?" मग ते रोप खोल, खालची पानं टेकतील इतकं मातीत बसवायची. एवढं खोल कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "टमाट्याचा सगला अंगच मूल हाय. जेवरा गारशील तेवरी मुलं सोरल." अंग म्हणजे देठ, मूल म्हणजे मूळ, आणि गाडलेल्या देठाला जिथे माती लागेल तिथे मुळं फुटतात, हे नंतर मी पोरांना शाळेत शिकवलं.

पण तिची खरी ख्याती होती ती माती चाखण्याबद्दल. खारजमिनीत वाढलेली बाई. मातीत मीठ किती हे तिला जिभेवर कळायचं. कुठेही गेली की ती चिमूटभर माती उचलायची, जिभेच्या टोकाला लावायची, थुंकायची आणि निकाल द्यायची. लग्नाला गेली तरी मांडवाच्या कडेला जाऊन हे करून यायची.

माझी आत्तेबहीण वाशीत नव्या सोसायटीत राहायला आली होती. एका रविवारी मी काकीला तिच्याकडे घेऊन गेले. खाली सोसायटीची बाग करायचं चाललं होतं. चेअरमन सफारी घालून जातीने हजर, पुण्याहून आणलेली गुलाबाची कलमं रांगेत ठेवलेली. काकी सरळ गेली, वाकली, मातीची चिमूट जिभेवर ठेवली आणि चेअरमनच्या बुटांजवळ थुंकली.

"काय जगनार नाय," ती म्हणाली. "ही खाडीची माती हाय. मीठ हाय यान."

"ओ बाई, हा चांगला भराव आहे," चेअरमन म्हणाले. "आम्ही एक्स्पर्टला विचारलंय."

"त्यानं खाल्ली का?"

माझी बहीण लाजेने चूर झाली आणि पुढे महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. महिन्यानंतर मात्र आपण होऊन आली, कारण गुलाब एकूण एक गेले होते आणि चेअरमननी 'त्या मातीवाल्या बाईंचा' पत्ता विचारला होता. काकी पुन्हा गेली. डोंगराच्या बाजूची माती कुठून आणायची ते सांगितलं आणि वर चेअरमनना ती चाखायला लावली. सफारीतला तो माणूस डोळे मिटून माती चाखतोय आणि अख्खी सोसायटी गॅलरीतून बघतेय, हे दृश्य आठवलं की मला अजून हसू आवरत नाही.

इतकं सगळं छान होतं, पण तिचा एक हट्ट मात्र गळ्याशी आला. काकीला एकच मुलगी, सुमन. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. नावडं गावचा एक मुलगा तिने कुणाच्या तरी हळदीत पाहिला होता, त्यानेही तिला पाहिलं होतं, आणि दोन्ही घरांतल्या मोठ्यांच्या बैठकाही झाल्या होत्या. मुलगा तळोज्याच्या एका कंपनीत फिटर. कुणाची काही हरकत नव्हती. पण काकीने जाहीर केलं होतं की भाडेकरूला जो नेम तोच जावयाला. त्याने येऊन तिच्यासमोर रोप लावायचं. ज्याच्या हातून रोप धड लागणार नाही, त्याच्या घरी पोर द्यायची नाही. आणि काकीने चार माणसांत एकदा तोंडातून काढलेला शब्द मागे घेतल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

सुमन माझ्या खोलीत येऊन बसली. "ताई, त्याचा हात तुमी बगलाव नाय," ती म्हणाली. "पंजा हाय पंजा. काय तरी करा."

मग मी त्या मुलाची शिकवणी घेतली. रविवारी शाळेच्या व्हरांड्यात. तो सायकलवरून आला, अंगाने दणकट, बोलायला लाजरा, आणि हात खरोखर सुमनने सांगितले तसे. काकीच्या वाफ्यातून मी दहा रोपं चोरली होती. पहिली सहा त्याने मारली. डबा पालथा करणं जमायचं, रोप बाहेर काढणं जमायचं, पण शेवटी माती दाबताना अंगठ्याचा जोर असा पडायचा की देठ कट्‌कन मोडायचा.

"बाई, टाइट करायची सवय हाय हाताला," तो घाम पुसत म्हणाला. "ढिला सोडला तं फोरमन ओरडतो."

सातव्या रोपापासून जमलं. आठ, नऊ, दहा, सगळी धड लागली. मी त्याला पेढा दिला.

कार्तिकातला तो दिवस. अंगणात दोन्हीकडची पंधरावीस माणसं. मामा ओट्यावर, जाळं मांडीवर. काकी ठेवणीतल्या लुगड्यात. मुलगा खाली बसला. त्याने डबा हुंगला. मी सुटकेचा श्वास सोडला. डबा पालथा केला, थापट्या मारल्या, मातीचा गोळा तळहातावर घेतला, रोपाच्या फक्त पानाला हात. म्हाताऱ्या बायका माना डोलवायला लागल्या. नेमकी तेव्हाच आत चहा उतू गेला आणि काकी उठून "कोन हाय गो चुलीजवल?" म्हणत आत पळाली. मुलाने शेवटची माती घातली, अंगठा टेकवला आणि दाबला.

कट्‌कन झालेला आवाज माझ्या कानापर्यंत आला. सुमन दाराआड होती, तिच्याही आला असणार; बाकी सगळ्यांच्या माना आतल्या आरडाओरड्याकडे वळल्या होत्या. त्या पोराचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला. काय वाटलं त्याला कोण जाणे, त्याने मोडलेला शेंडा उचलला, बोटाने मातीत खोल भोक केलं आणि शेंडा त्यात बसवून वरून माती ओढली. काकी बाहेर आली तेव्हा रोप उभं होतं. तिने ते चारी बाजूंनी पाहिलं.

"बरा लावलास," ती म्हणाली. गूळखोबरं वाटलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत अंगणात उभी होते, तर हा सायकल हाणत दारात. नावडं काही जवळ नाही, डोंगराला वळसा घालून यायचं. पहिली शिफ्ट बुडवून आला होता. काकी सडा घालत होती. तो तिच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "काकी, काल रोप मोडला माझ्या हातून. शेंडा खोचला मी नुसता. रातभर झोप नाय आली."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. दाराआडून सुमनचा हुंदका ऐकू आला. काकी हातातली बादली ठेवून रोपाजवळ गेली. रोप मान टाकून पडलं होतं. मामांनी पहिल्यांदाच आपण होऊन तोंड उघडलं. "पोर चांगला हाय गो," ते म्हणाले.

"चांगला हाय तं हाय. माझा शब्द गेला ना चार मानसांन," काकी म्हणाली. मग त्या पोराकडे वळली. "आठ दिस बगू. हा रोप जगला तं लगीन. मेला तं तू तुज्या वाटेनं जा."

ते आठ दिवस मी विसरणार नाही. रोप दिवसागणिक मलूल होत होतं. सुमन जेवणाच्या नावाने नुसती पानावर बसून उठायची. दुपारी उन्हाच्या वेळी ती रोपावर टोपली धरून उभी राही. शेजारणी येऊन बघून जात, कुणी ताक घालायला सांगे, कुणी दृष्ट काढायला. काकी तिकडे फिरकत नसे. एवढा खोल गाडलेला देठ मुळं सोडतो हे मला माहीत होतं, पण त्याला वेळ लागतो, आणि चौथ्या दिवशी पानं पिवळी पडली तेव्हा माझाही धीर सुटला.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेतून घरी आले. सुमन तळ्यावर धुणं धुवायला गेली होती, मामा ड्यूटीवर होते, काकी बाजारात जाते म्हणून सकाळीच सांगून निघाली होती. मी मागच्या वाफ्यातून तेवढ्याच उंचीचं रोप काढलं, ओल्या रुमालात गुंडाळलं आणि पुढच्या अंगणात आले.

डब्याशी काकी बसली होती. बाजारात गेलीच नव्हती. तिच्या पदराखाली एक रोप होतं, मातीच्या गोळ्यासकट.

तिने माझ्या रुमालाकडे पाहिलं. मी तिच्या पदराकडे. आयुष्यात मी कुणाला इतकं लाजलेलं पाहिलं नाही.

"मास्तरीन," ती हळू म्हणाली, "पोर जेवत नाय गो चार दिस."

मला तेव्हा ती फार आवडली. माझं रोप मी परत वाफ्यात नेऊन लावलं, कारण तिचं जास्त चांगलं होतं. तिने जुनं रोप मातीसकट उचललं आणि मोरीमागे भिरकावलं. नवीन रोप तिथे बसवलं, हात धुतले आणि मला म्हणाली, "कोनाला बोलशील तं खोली खाली कर." आठव्या दिवशी नावड्याची मंडळी आली. रोप ताठ उभं होतं. मुलाने ते पाहिलं आणि तो सगळ्यांदेखत हमसून हमसून रडला. काकी दुसरीकडे बघत होती. माघातली तारीख ठरली.

लग्नाच्या दोन दिवस आधी मागची जागा साफ करायला घेतली, जेवणाच्या मोठ्या चुली मांडायच्या होत्या. मोरीमागे काकीने हाक मारली म्हणून मी गेले. तिथे खरकट्याच्या ओलीवर टोमॅटोचं एक झाड आडवंतिडवं वाढलं होतं. फुललेलं, आणि खाली पाचसहा हिरवे टोमॅटो लटकलेले.

"खरकट्यातलं बी पडलं असेल," मी म्हटलं. मला दुसरं काही म्हणायचं नव्हतं.

काकीने खाली बसून बुंध्याशी बोट खुपसलं, माती उकरली. "बियाचा नाय. बियाचा असता तं मधी एक जाडा मूल असता. हा खोचलेला हाय, सगलीकरनं मुलं सुटल्यान." ती तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "पोर खरा निघाला गो. खोट्या आपन दोघी."

"आता काय त्याचं," मी म्हटलं. "सगळं चांगलंच झालंय ना."

तिने माझं ऐकलं नाही. झाड मुळासकट काढलं, रंगाच्या बादलीत लावलं, बादली कमरेवर घेतली आणि मला दंडाला धरून रस्त्यावर आणलं. घरात लग्न, पाव्हणे यायला लागलेले, आणि नवरीची आई दोन एसट्या बदलून नावड्याला निघालेली. कंडक्टरने बादलीचंही तिकीट काढायला सांगितलं आणि काकीचं उत्तर ऐकून पुढे पनवेलपर्यंत तो आमच्याकडे फिरकला नाही.

नावड्यात मुलाच्या दारी मांडव घालणं चाललं होतं. मुलगा शिडीवर. नवरीची आई हळदीच्या आदल्या दिवशी अशी दारात आलेली बघून त्याच्या आईच्या हातातलं सूप खाली पडलं. काकीने बादली अंगणाच्या मधोमध ठेवली.

"खाली यी," ती मुलाला म्हणाली. तो उतरला. "हा तुझा रोप. तू लावलेला. मी काढून फेकला नि दुसरा ठेवला. ही मास्तरीन साक्षीला हाय, तिच्या हातान पन एक होता. तू सायकल हानत आलास, म्हनून मी आयलू."

मी जमिनीकडे बघत होते. मुलगा खाली बसला, त्या भल्या मोठ्या हातांनी त्याने एकेक हिरवा टोमॅटो जपून उचलून पाहिला, आणि मग त्याला हसू फुटलं. हसता हसता तो तिच्या पाया पडला.

त्याच्या आईच्या मात्र अजून काही ध्यानात आलं नव्हतं. तिने घाबरत घाबरत आपल्या विहीणबाईंना विचारलं, "येनबाय, लगीन हाय ना परवा?"

काकी डोळे पुसत म्हणाली, "हाय तं! आता हाय."